निळ्या दिव्याखालच्या चार नोटा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं सापडतात. आधी नोकरी होती, मग नातवंडं, मग डोळ्याचं ऑपरेशन. खरं कारण एकच, लोक मला नोटा ओळखणारा माणूस म्हणून मानतात आणि ते मला आवडतं. आमच्या कन्हेरी गावात अजूनही कुणी दारात मोटरसायकल लावून हाक मारतो, "तात्या, एवढी नोट बघा की, पंपावर मिळालीय." मी चष्मा पुसून नोट हातात घेतो आणि भोवतालचे गप्प होतात. त्या गप्प होण्याची चटक लागते. माझ्या चुकांचे किस्से मी सांगत नाही असं नाही. पण सांगतो ते हसण्यासारखे.

ही चूक तशी नाही. माझ्या एका शब्दावरून इंदापुरात मासळी विकणाऱ्या एका बाईनं आपल्या सख्ख्या भावाला दार बंद केलं. तो शब्द चुकीचा होता, हे मला पुढच्या काही महिन्यांतच कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही.

मी एका पतसंस्थेत रोखपाल होतो. बहुतेक नोकरी बारामतीत झाली, शेवटची काही वर्षं इंदापूरच्या शाखेत. रोखपालाला संशयी म्हटलं तर त्याला राग येत नाही, उलट बरं वाटतं. जाळीपलीकडून हात आत येतो, त्या हाताकडे आधी बघायचं, मग नोटेकडे. घाम आलाय का, घाई करतोय का, गड्डीच्या मधे काही दडवलंय का. अशी तीस वर्षं बघितल्यावर माणूस घरीही तसाच बघायला लागतो. भाजीवाल्यानं दिलेले सुटे पैसे मी दोनदा मोजायचो, आणि सून चहा घेऊन आली की हिला आज काय पाहिजे असं मनात यायचं.

नव्या पोरांना मी शिकवायचो: आधी हात, मग उजेड, मग तिरकी. खऱ्या नोटेच्या कागदाला एक कडकपणा असतो. चेहऱ्यावरून आणि सिंहाच्या मुद्रेवरून अंगठा फिरवला की छपाई किंचित वर आलेली लागते. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा असतात, त्या आंधळ्यालाही बोटाला कळाव्यात म्हणून आहेत. उजेडासमोर धरली की मोकळ्या जागेत चेहरा उमटतो आणि शेजारी पाचशेचा आकडा. तिरकी केली की मधला धागा हिरव्याचा निळा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. खोटं करणारा एखादी खूण साधतो, सगळ्या साधत नाहीत. आणि खऱ्या नोटेचीही एखादी खूण झिजते, सगळ्या झिजत नाहीत. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही.

नोटाबंदीनंतर नव्या नोटा आल्या आणि लोकांचा कशावरच विश्वास राहिला नाही. कुणी म्हणे रंग गेला तर नोट खोटी, कुणी म्हणे रंग गेला तरच खरी. कुणी म्हणे आत चिप आहे. त्या दिवसांत आमच्या संस्थेनं निळ्या दिव्याचं यंत्र आणलं. डब्याएवढं. खरी नोट त्याखाली धरली की कागद काळपट राहतो, नुसते नंबर आणि केसासारखे रंगीत तंतू चमकतात. साध्या कागदावर छापलेली नोट मात्र पांढरीशुभ्र पेटते. रांगेतले लोक जाळीला नाक लावून बघायचे. "तात्या, माजी बी धरा की!" मी धरायचो. मला मजा यायची.

ती मासळीवाली दर आठवड्याला यायची. पन्नाशीची असेल, काटक, मोठ्या आवाजाची. उजनीच्या पाण्याकडेला तिचं गाव. पहाटे होड्या आल्या की मासळी घ्यायची. निम्मी ती इंदापूरच्या बाजारात विकायची, निम्मी तिचा धाकटा भाऊ बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला नेऊन विकायचा. नवरा लवकर गेलेला. भावानंच तिला उभी केली असं ती कौतुकानं सांगायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही.

तिच्या नोटांना मासळीचा वास यायचा. माझ्या गळ्यात माळ, घरात मासळी येत नाही. एक दिवस मी रांगेसमोरच म्हणालो, "मावशी, नोटा काय जाळं टाकून धरता का?"

लोक हसले. तीही हसली. "व्हय साहेब. पाचशेची गळाला लागली की सोडत न्हाय मी."

मला ते हसणं आवडलं नाही. मी म्हणालो, "हात धुतले तरी जेवताना वास येतो मला. पुन्हा असल्या नोटा आणल्या तर घेणार नाही."

तिचं हसू गेलं. "बरं साहेब," ती म्हणाली. "फुडच्या बारीला वास न्हाय यायचा."

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिनं गड्डी पदराच्या टोकानं पुसून जाळीतून आत सरकवली आणि म्हणाली, "घ्या. आता बघा वास घिऊन."

वास नव्हता. पण नोटा हाताला लागताच मी सावध झालो. सगळ्या मऊ, जुन्या धोतरासारख्या. रंग उतरलेला. पाचशेच्या अकरा नोटा होत्या, बाकी शंभर, पन्नास, दहाच्या. मला शंका आली. त्या शंकेचं मला आजही काही वाटत नाही, रोखपालाला ती यायलाच हवी. डाव्या हाताला खिडकी होती. एक नोट उजेडासमोर धरायला दोन क्षण लागले असते.

पण समोर आठ-दहा जण होते आणि दिवा चालू होता. मी पाचशेची नोट खाली धरली. ती ट्यूबलाइटसारखी पेटली. दुसरी धरली. तिसरी. अकराच्या अकरा.

मागून कुणी तरी म्हणालं, "आयला, मावशीनं पाण्याकडंला छापखाना टाकला व्हय!"

"कुठून आल्या ह्या?" मी विचारलं.

"कुठनं म्हंजी? धंद्याच्या हायत."

"तुमचं गिऱ्हाईक पन्नास-शंभराचं. पाचशेच्या एवढ्या कुठून?"

ती गोंधळली. "त्या भावाच्या. तिकडं कंपनीतली पोरं पाचशे देत्यात. सुटं जमलं की त्यो पंपावर बंदं करून घेतो. पर साहेब, ऐका की. मी त्या नोटा..."

"ते पोलिसांपुढं सांगा."

पोलीस म्हटल्याबरोबर तिनं तोंड मिटलं. ते वाक्य तिथंच राहिलं.

बँकांना नियम असा होता, की एका वेळी पाच किंवा जास्त बनावट नोटा आल्या तर पोलिसांत तक्रार करायची, चारपर्यंत असल्या तर नोंद करून ठेवून घ्यायच्या. आम्हीही तोच धरून चालायचो. मी चार नोटा ठेवून घेतल्या, सात परत ढकलल्या आणि आवाज खाली आणून म्हणालो, "चारच दाखवतो. उपकार समजा." तिनं खरंच हात जोडले. चारही नोटांवर मी लाल शाईनं 'बनावट' लिहिलं.

इथवर चूक होती. यानंतर जे बोललो त्याला चूक म्हणता येत नाही. ती पायरी उतरत होती. मी जाळीतून म्हणालो, "मावशी, परका माणूस एवढ्या नोटा गळ्यात मारू शकत नाही. घरचाच असतो. भावाकडे बघा जरा."

असं बोलायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. त्या भावाला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण असं बोललं की माणूस जाणकार वाटतो.

मॅनेजरांनी पाठ थोपटली. नोंद करून नोटा बँकेत पाठवायला हव्या होत्या, पण ते म्हणाले, "कशाला भानगड? ठेवा पाकिटात." पाकीट माझ्या खणात गेलं.

पुढचं मला आमच्या पिग्मी गोळा करणाऱ्याकडून कळलं. तो रोज दुकानं-टपऱ्या फिरून लोकांची बचत जमा करायचा आणि राहायचा मावशीच्याच आळीत. संध्याकाळी हिशेब द्यायला आला की गावगप्पा सांगायचा, तशीच हीसुद्धा त्यानं रंगवून सांगितली. मावशीनं त्या सात नोटा चुलीत घातल्या होत्या. खोटा पैसा घरात नको म्हणाली. मग भाऊ आला, त्याला तिनं उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"भाऊ म्हणतोय, आक्के, मी कुठनं आणू खोट्या नोटा? मला काय छापता येत्यात व्हय? तर मावशी म्हणती, मग पेढीतलं साहेब खोटं बोलत्यात? त्यांनी दिव्याखाली धरून दावलं मला. तुजी पोरं आजारी पडली तवा माज्याकडनं पैसं मागून न्यायचास, तेच बरं हुतं म्हणती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, त्यो बी पेटला. म्हणाला, तुज्यापायी मी उन्हातानात मासं विकतो आन् तू मला चोर म्हणतीस? गेला पाटी तितंच टाकून. सगळी चिलापी मासळी दारात पडली."

तो हसत होता. मीही थोडं हसलो. मला वाटलं, बघा, भाऊच निघाला. तो चिडला म्हणजे चोरच असणार, अशी माझी अक्कल.

भाऊबीजेला तो साडी घेऊन आला होता म्हणे. तिनं दार उघडलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या बायकोनं माझा शर्ट धुतला. खिशात पाचशेची नोट राहिली होती. तिनं ती वाळवून, इस्त्री फिरवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "संशय सगळ्या गावावर. स्वतःचा खिसा तेवढा तपासायचा नाही." मी ती डब्याच्या पिशवीत टाकली. जेवणाच्या सुट्टीत, काउंटरवर कुणी नसताना, सहज म्हणून ती दिव्याखाली धरली.

ती पेटली. पांढरीशुभ्र.

ती नोट माझ्या पगाराची होती, मी स्वतः मोजून घेतलेली. मी ती खिडकीशी नेली. चेहरा होता, आकडा होता, धागा हिरव्याचा निळा होत होता. खण उघडला, पाकीट काढलं आणि त्या चार नोटा एकेक करून उजेडासमोर धरल्या. चेहरा होता. आकडा होता. कडेच्या रेघांवरून अंगठा फिरवला, झिजल्या होत्या पण होत्या. माझं लाल 'बनावट' त्यांच्यावर होतं.

तरी मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. घरी जाऊन दहाची एक नोट धुण्याच्या पावडरीत बुडवली, चोळली, दोरीवर चिमटा लावून वाळवली आणि दुसऱ्या दिवशी दिव्याखाली धरली. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे काही घालतात, ते कागदात मुरतं आणि निळ्या उजेडात चमकतं. दहाची नोट चंद्रासारखी चमकत होती. दहाची नोट कोण कशाला छापेल? त्या दिवशी तिच्या गड्डीतल्या दहाच्या किंवा पन्नासच्या एकाही नोटेला मी दिव्याखाली धरलं असतं तर त्याही पेटल्या असत्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला असता. मी फक्त पाचशेच्या धरल्या, कारण चोर पाचशेतच असतो हे मला आधीच ठाऊक होतं.

आणि मग ते जाळीपाशी राहिलेलं वाक्य माझं मलाच पुरं करता आलं. "मी त्या नोटा धुतल्यात, साहेब. तुमी सांगितलं म्हणून."

त्याच दिवशी मी तिच्याकडे जायला हवं होतं. निवृत्तीला चार महिने होते. खऱ्या नोटांवर मी लिहिलं होतं, त्या नोंद न करता खणात ठेवल्या होत्या, तिच्या सात नोटा जळाल्या होत्या. हे बाहेर आलं असतं तर मला जाब द्यावा लागला असता. मी मनाला सांगितलं, बहीण-भाऊ आहेत, आज ना उद्या एक होतील. आपण कशाला मधे पडायचं? मधे मीच तर पडलो होतो.

निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले, "यांच्या बोटांखालून खोटी नोट कधी सुटली नाही." टाळ्या वाजल्या. ते खरंही होतं. खऱ्या किती अडकल्या, हे कुणी विचारत नाही.

निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी मी पाकीट खिशात घालून इंदापूरच्या बाजारात गेलो. मासळीच्या ओळीत जायची ती माझी पहिली वेळ. तिनं मला ओळखलं.

"आं? साहेब तुमी हितं? माळ काढली का काय?"

"नाही... पाहुणे आलेत," मी खोटं बोललो. "अर्धा किलो द्या."

तिनं चिलापी कापली, खवलं काढली, पिशवीत भरली. मी पाचशेची नोट पुढं केली. तिनं ओले हात पदराला पुसले, नोट घेतली आणि अंगठा फिरवला. मग ऊन होतं त्या बाजूला वळून ती डोळ्यांपुढं धरली. मग तिरकी केली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या नीट नोट बघणारं दुसरं कुणी मी पाहिलं नव्हतं.

"राग मानू नका," ती म्हणाली. "सवय लागलीय. तुमच्याच हातनं शिकले म्हणा ना. आता कुणाची बी नोट अशीच घेत न्हाय. मानसं म्हणत्यात, मावशी लई संशयी झाली."

शेजारची बाई म्हणाली, "निम्मी गिऱ्हाइकं पळाली हिची. आन् आमी सुटं मागितलं तर आमच्याबी नोटा उन्हात धरती, बया!"

"धरणारच. सख्ख्यानं फशिवलं तितं तुजं काय घिऊन बसलीस?"

माझा हात खिशावर होता. म्हणायचं होतं, मावशी, जरा बाजूला या. तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं. मी उरलेले पैसे घेतले, न मोजता, आणि निघालो. मासळीची पिशवी स्टँडमागच्या कुत्र्यांपुढं ओतली.

भावाला तरी सांगावं म्हणून मग मी एमआयडीसीच्या रस्त्याला दोनदा जाऊन उभा राहिलो. कंपन्यांची पाळी सुटली होती, मोटरसायकलींचा लोंढा बाहेर पडत होता. चहावाला म्हणाला, "मासंवाला व्हय? त्यानं सोडला धंदा. दुधाच्या गाड्या भरतो आता. ह्याच गर्दीत असंल बघा." मी त्या गर्दीकडे बघत राहिलो. ज्याला मी चोर ठरवलं त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. चहावाल्याला नाव विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. नाव कळलं असतं तर पुढं जावं लागलं असतं.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं इंदापूर टाळलं. यंदा कळसला एका लग्नाला गेलो आणि तिथून, का कोण जाणे, सरळ इंदापूरची गाडी धरली. मावशी ओळीच्या टोकाला बसली होती. केस पांढरे, आवाज तोच. टोपल्यापुढं फोनवरून पैसे घ्यायची चौकोनी क्यूआर पाटी लावलेली, आणि फोन सुनेच्या हातात.

"या साहेब," ती म्हणाली. "आता नोटाच घेत न्हाय मी. कटकट मिटली." मग सुनेला म्हणाली, "ह्येच ते पेढीतलं साहेब. चा सांग."

चहा आला. मी बळ एकवटून विचारलं, "भाऊ काय म्हणतोय?"

"गेला की. औंदा, उन्हाळ्यात. छातीत कळ आली."

 मी विचारलं, "तुम्ही गेला होता?"

"मातीला? न्हाय." ती फडक्यानं मासळी कापायचा पाटा पुसत होती. "सांगावा आला हुता. भावजय म्हणाली, शेवटपातूर म्हणत हुता, आक्कीला सांगा मी काय केलं न्हाय. मरताना कोण कबूल करतंय, साहेब?" तिनं फडकं पिळलं. "कवा कवा वाटतं, जावं हुतं. पर मग तुमची आठवण हुती. तुमी एवढं जाणतं मानूस. तुमी दिव्याखाली धरून दावलं, म्हणून तर कळलं. न्हायतर मी त्याला घरात घेतच ऱ्हायले असते. तुमचं उपकारच हायत."

मी कपबशी खाली ठेवली. सून फोनकडे बघत होती. ओळीत त्या वेळी एकही गिऱ्हाईक नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती आणि ते मला कळत होतं. मी म्हणालो, "येतो मावशी," आणि उठलो.

बारामतीची एसटी निम्मी रिकामी होती. खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत राहिलो आणि कन्हेरीला उतरेपर्यंत तेच तेच म्हणत होतो. ते असं होतं: मावशी, त्या नोटा खऱ्या होत्या, अकराच्या अकरा. तुम्ही त्या माझ्यासाठी धुतल्यात आणि मी नीट बघितलं नाही. मला हे फार आधी कळलं होतं, तुमचा भाऊ हिंडता-फिरता होता तेव्हाच. त्यानं काही केलं नव्हतं, मावशी. मी केलं. मला माफ करा.